बाराची भरती

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. खाडीकाठच्या सारसोळे गावातल्या सुचिता तांडेलच्या पाठीमागे तो लहानपणापासून होता, आणि एकटा नव्हता, बायकापोरांसकट होता. तिला लिफ्टची भीती, कुत्र्यांची भीती, बँकेत सही जुळणार नाही याची भीती. फोन वाजला की भीती आणि बराच वेळ वाजला नाही तर त्याहून जास्त. तिचा नवरा रूपेश म्हणायचा, हिच्यासमोर वाघ आला तर तो खाईल याचं हिला काही वाटणार नाही, पण त्याने काही विचारलं तर काय उत्तर द्यायचं या विचाराने ही आधीच मरेल. थट्टा होती, पण खोटी नव्हती. चारचौघांत कोणी अचानक प्रश्न विचारला की सुचिताचं डोकं रिकामं व्हायचं आणि कान गरम व्हायचे.

अशा बाईने तेहेतिसाव्या वर्षी बी.एड.ला नाव घातलं. गावातल्या लोकांना वाटलं हिला काय दुर्बुद्धी सुचली. पण नऊ वर्षं ती घराच्या पुढच्या खोलीत शेजारपाजारच्या पोरांच्या शिकवण्या घेत होती आणि त्या खोलीत मात्र ती कुणाच्या बापाला भीत नव्हती. जमिनीवर दहाबारा पोरं, भिंतीला टेकवलेला फळा, आणि सुचिता अशी काही शिकवायची की दारातून जाणारी माणसं थांबून ऐकायची. एकदा तिची सासू पुतळा बाजारातून मासळीची रिकामी पाटी घेऊन आली आणि उंबऱ्यावरच बसून अपूर्णांक ऐकत राहिली. पुतळाने शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. ती म्हणाली, खऱ्या शाळेत जा, भाकऱ्या मी थापीन. त्या एका वाक्यावर सुचिताने फॉर्म भरला आणि भरल्या दिवसापासून तिला पश्चात्ताप होऊ लागला.

कॉलेजात वर्षभर ठीक गेलं. खरी परीक्षा सुरू झाली ती नेरूळच्या एका शाळेत सराव पाठांसाठी पाठवल्यावर. सराव पाठ म्हणजे काय, तर शाळेतल्या खऱ्याखुऱ्या मुलांना शिकवायचं, आणि मागच्या बाकावर कॉलेजचे सर वही घेऊन बसणार. आदल्या दिवशी पाठाचं टाचण काढायचं. त्यात दोन रकाने. डावीकडे शिक्षक काय विचारणार ते, उजवीकडे मुलांकडून अपेक्षित उत्तर. हा उजवीकडचा रकाना सुचिताला फार आवडायचा. समोरचं माणूस काय बोलणार हे आधीच लिहून ठेवायची सोय जगात दुसरीकडे कुठे असते? ती तो रकाना हिरव्या शाईने, वळणदार अक्षरात लिहायची.

त्या रकान्याला पहिली आग लावली गोजराने.

गोजरा सातवी ब मधली, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरची. नाव आजीचं ठेवलेलं, त्यामुळे वर्गातल्या मनस्वी आणि स्वरा तिला हसायच्या, आणि ती त्यांच्याबरोबर स्वतःही हसायची. आईबाप जालन्याकडचे, रोज सकाळी नाक्यावर कामासाठी उभे राहणारे. सुचिताचा पहिला पाठ होता पाण्याच्या बचतीवर. तिने टाचणाप्रमाणे विचारलं, नळ सोडल्यावर नळातून काय येतं? अपेक्षित उत्तर, पाणी. गोजरा उभी राहून म्हणाली, हवा. वर्ग हसला. गोजराने समजावून सांगितलं की आमच्याकडे आधी हवाच येते, फुस्स करून, पाणी मागून येतं, कधी येतच नाही. आणि मग तिने बाईंना विचारलं की पाणी यायच्या आधी पाइपात ती हवा कुठून येते?

सुचिताच्या डोक्यात तीच हवा. तिने टाचणात पाहिलं, तिथे हिरव्या शाईत ‘पाणी’ लिहिलेलं होतं. एक मिनिट, पुरतं एक मिनिट, ती खडू हातात धरून उभी राहिली आणि चाळीस मुलं तिच्याकडे बघत राहिली. सरांनी वहीत लिहिलं: वर्गनियंत्रण नाही, विद्यार्थिनीच्या उत्तराचा उपयोग करून घेता आला नाही. त्या रात्री सुचिता जेवली नाही. पुढच्या प्रत्येक पाठाला ती वर्गात शिरताना आधी खिडकीजवळचा तिसरा बाक बघायची, आणि गोजरा दिसली की टाचण पुन्हा उघडायची. बारा वर्षांच्या पोरीला तेहेतीस वर्षांची बाई भ्यायची. हसायला येतं खरं, पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मार्चमध्ये परीक्षेचा पाठ आला. या पाठाला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात आणि पस्तीस मिनिटांत तुमचं काय ते ठरवून जातात. नापास झालं तर सहा महिन्यांनी पुन्हा संधी मिळते. पण सुचिता स्वतःला ओळखून होती. एकदा पडली की आपण पुन्हा त्या फळ्यासमोर उभ्या राहणार नाही, निमूट पुढच्या खोलीत जाऊन बसू, आणि पुतळाबाई काही न बोलता पाटी उचलून बाजारात जाईल. ते न बोलणं तिला आत्ताच ऐकू येत होतं. तिच्या दृष्टीने ही एकच संधी होती.

तिचा पाठ होता भूगोलाचा, भरती-ओहोटी. आणि या परीक्षेच्या पाठाची एक चाल आहे. ती कुठल्याही पुस्तकात नाही आणि प्रत्येक भावी शिक्षकाला ठाऊक असते. वर्ग आधी तयार करून ठेवायचा. दोन दिवस अगोदर तोच पाठ त्याच मुलांना शिकवून घ्यायचा, कुठल्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा हे नेमून द्यायचं, आणि परीक्षकांसमोर सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करायचा. मुलांना यात नाटकाइतकी मजा येते. आणि जी मुलं या नाटकात बसत नाहीत, त्यांची त्या तासापुरती दुसरीकडे सोय करायची.

हे शेवटचं तिला सांगितलं इंद्रजितने. तो तिच्याबरोबरच सरावाला आलेला, चोवीस वर्षांचा, ऐरोलीचा पोरगा. त्याचा पाठ आठवड्यापूर्वी झाला होता आणि उत्तम झाला होता.

“सुचिताताई, टेन्शन नका घेऊ,” तो म्हणाला. “दोन पोरं मी पण लायब्ररीत बसवली होती. सगळेच करतात.”

सगळेच करतात, हे वाक्य भित्र्या माणसाला फार उबदार वाटतं. तरी तिने ठरवलं की आधी तालीम घेऊन बघू, कदाचित गोजरा नीट वागेल.

तालमीत सगळं सुरळीत चाललं होतं. तिने चेंडू धरून दाखवला, हा चंद्र, तो पृथ्वीवरचं पाणी आपल्याकडे ओढतो, म्हणून भरती येते. तिसऱ्या बाकावरून हात वर आला. गोजराने विचारलं, मग आमच्या बादलीतलं पाणी वर का येत नाही? चंद्र तर तोच आहे.

सुचिताला उत्तर येत नव्हतं. पुस्तकात बादली नव्हती. तिने ते पुढच्या वर्षी शिकाल असं सांगून टाळलं. पण गोजरा खाली बसेना. तिने विचारलं, बाई, तुम्ही स्वतः बघितलंय का पाणी वर येताना? का पुस्तकातलंच सांगताय? यात आगाऊपणा नव्हता, पोरीला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण सुचिताला तो घाव बसला. सारसोळ्याच्या कोळ्यांची सून ती, तिला विचारते भरती बघितली का! तिने ताठ मानेने सांगितलं की आमच्या घरापासून जेट्टी पाच मिनिटांवर आहे, परवा अमावस्या, उधाणाचं पाणी, बारा वाजता जेट्टीच्या पायऱ्या एकेक करून बुडतात, विश्वास नसेल तर जाऊन बघ.

वर्ग तिच्याकडे कौतुकाने बघू लागला, आणि तिला बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत तिने गोजराला जिन्याखाली गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं की परवा माझ्या तासाला तू वर्गात बसू नकोस, लायब्ररीत जाऊन बस, आणि तास संपेपर्यंत येऊ नकोस. गोजराचा चेहरा जरा पडला.

“मी काय केलं, बाई?”

“काही नाही गं. तुला सगळं येतंच म्हणून.”

खोटं बोलताना सुचिताची जीभ अडखळायची, त्या दिवशी अडखळली नाही. गोजराने मान हलवली आणि ती पळत खाली गेली. सुचिताला वाटलं, सुटले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती पाचलाच उठली, निळी साडी नेसली, टाचण तीनदा वाचलं. पुतळाबाई चुलीपाशी बसून तिचा डबा भरत होती. तिने खिडकीतून खाडीकडे बघितलं आणि सहज म्हणाली, “आज आवस हाय. बाराची भरती, पानी मोठा येल. मी जेट्टीवरच असन, मासली घेऊन आपली होरी येनार हाय.” सुचिताने ते ऐकलं आणि तिला आनंद झाला, की वर्गात सांगायला हे छान उदाहरण आहे. तेवढंच तिच्या डोक्यात आलं. पुढे कितीदा तरी तिने त्या क्षणाकडे मागे वळून बघितलं असेल.

तास सुरू झाला अकरा वाजून दहा मिनिटांनी. परीक्षक बाई साठीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, मागच्या बाकावर बसल्या. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर एक जागा रिकामी होती. सुचिताने ती पाहिली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला.

आणि पाठ असा रंगला म्हणून सांगू! प्रश्न विचारावा आणि उत्तर रकान्यातून उचलल्यासारखं यावं. फळ्यावर अक्षर सरळ, आवाज स्वच्छ. तिला वाटलं आपण पुढच्या खोलीतच शिकवतोय. परीक्षक बाईंचं पेन दोनदा चाललं आणि त्यांनी एकदा मान डोलावली. सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत आल्यावर काय होतं हे दाखवायला पृथ्वीगोल लागणार होता. ठरल्याप्रमाणे साडेअकराला इंद्रजित तो घेऊन आत आला. टेबलावर ठेवताना तो तिच्या कानाशी वाकला.

“ताई, लायब्ररीला आज कुलूप आहे. पोरगी तिथे नाही. मी सगळीकडे बघितलं.”

तो बाहेर गेला. सुचिता पृथ्वीगोलावर हात ठेवून उभी राहिली. तिने स्वतःला सांगितलं, मैदानात असेल. पाण्याच्या टाकीमागे असेल. पोरं कुठेही बसतात. तिने पुढचा प्रश्न विचारला, उधाणाची भरती कधी येते? हा प्रश्न स्वराजला नेमून दिलेला होता. तो वर्गातला हुशार, सरळ पोरगा. तो उठला, त्याने अमावस्या आणि पौर्णिमा असं खणखणीत उत्तर दिलं. पण मग नाटकाच्या भरात त्याने आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं.

“आज अमावस्या आहे, बाई. गोजरा गेलीय ना बघायला. जेट्टीवर.”

परीक्षक बाई हसल्या. त्यांना वाटलं, पाठाचा रोजच्या जगण्याशी संबंध जोडला, वा. त्यांनी पेन उचलून काहीतरी लिहिलं, आणि ते नक्की चांगलंच होतं. गोजरा कोण, ती तासाला इथे का नाही, हे त्यांनी विचारलं नाही. खोलीत दुसऱ्या कोणाला काही कळलेलं नव्हतं.

सुचिताने घड्याळ पाहिलं. अकरा पस्तीस.

ती शिकवत राहिली. हे सांगायला मला आवडत नाही, पण जे झालं ते झालं. तिच्या तोंडातून वाक्यं बरोबर क्रमाने येत होती, सूर्य आणि चंद्र एकाच बाजूने ओढतात, त्यामुळे पाणी नेहमीपेक्षा जास्त चढतं, आणि चढतं हा शब्द उच्चारताना तिला जेट्टीच्या पायऱ्या दिसत होत्या. शेवाळलेल्या. खालच्या पायऱ्यांवर कोळ्यांची पोरंसुद्धा चपला काढून, हात धरून उतरतात. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना तिवरांपर्यंत चिखल, त्यात पाय गेला की मोठा माणूस मांडीपर्यंत रुततो. पुतळाबाईने ती लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यातच तिला सांगितलं होतं की भरतीचं पाणी आवाज करत नाही, ते मागून येतं. आणि जालन्याकडच्या पोरीला पोहता कुठून येणार? शिवाय जेट्टीपर्यंत जायचं म्हणजे मध्ये पाम बीच रोड. त्या रस्त्याच्या गाड्यांना सुचिता स्वतः भ्यायची.

तिने खडूने फळ्यावर पाण्याची रेघ काढली. मग वर दुसरी रेघ काढली. रेघ वाकडी गेली. अजून दहा मिनिटं. दहा मिनिटांत सगळं संपेल, ती पास होईल, मग धावत जाता येईल. कदाचित काहीच झालेलं नसेल. कोणाला कळणारही नाही. असं ती तीन मिनिटं स्वतःशी बोलत राहिली. ती तीन मिनिटं तिने स्वतःला कधी माफ केलेली नाहीत, आणि मला विचाराल तर करूही नये.

मग तिने तिसरी रेघ काढायला हात उचलला आणि तो उचलेना. आजवर ती गोजराला घाबरत आली होती. आता गोजरासाठी जी भीती तिच्या छातीत बसली होती तिच्यापुढे आयुष्यभराच्या सगळ्या भीत्या पोरखेळ होत्या. तिने खडू ठेवला.

“मॅडम,” ती परीक्षक बाईंना म्हणाली, “या वर्गातली एक मुलगी जेट्टीवर गेलीय. पाठ बिघडेल म्हणून मीच तिला आज वर्गात बसू दिलं नाही. मी चालले.”

आणि ती गेली. परीक्षक बाई काही म्हणाल्या असतील, तिला ऐकू आलं नाही. इंद्रजित व्हरांड्यात होता, त्याने तिचा चेहरा पाहिला आणि बाइक काढली. गेटवरच्या वॉचमनला त्याने विचारलं की मुलीला बाहेर सोडलं कसं? वॉचमन म्हणाला, ती साडेदहालाच गेली, बोलली बाईंनी पाठवलंय. मग मी कसा अडवणार? पोरगी अक्षरशः खरं बोलली होती.

पाम बीच रोडचा सिग्नल लाल होता. आकडे उलटे मोजत होते, नव्वद, एकोणनव्वद. समोरून गाड्या सुसाट जात होत्या. सुचिता रस्त्यावर बघत होती, डांबरावर काही पडलंय का, गर्दी जमलीय का, आणि काही नाही म्हणून देवाचे आभार मानत होती आणि लगेच, म्हणजे पोरगी पलीकडे पोचली, म्हणून पुन्हा घाबरत होती. फोन स्टाफरूममध्ये राहिला होता. इंद्रजितच्या फोनवरून तिने सासूला लावला. नुसता वाजत राहिला. पुतळाबाई जेट्टीवर असली की फोन पदराच्या गाठीत असतो आणि तिला कधी ऐकू येत नाही.

जेट्टीवर पोचले तेव्हा बाराला दहा कमी होते. पाणी काठोकाठ आलं होतं, करडं, शांत, आणि खरंच, त्याला आवाज नव्हता. पायऱ्यांपैकी वरच्या तीनच दिसत होत्या. कठड्याला टेकवून शाळेचं दप्तर ठेवलेलं होतं. शेजारी दोन चपला, नीट जोडून. आसपास कोणी नव्हतं.

सुचिता अकरा वर्षं कोळ्यांच्या घरात नांदली, पण तिने खाडीच्या पाण्याला कधी पाय लावला नव्हता. तेवढी तिची हिंमतच नव्हती. त्या दिवशी ती निळ्या साडीसकट पायऱ्या उतरली. पहिली, दुसरी, मग पाण्याखालची, मग त्याखालची. पाणी गुडघ्याच्या वर आलं, पाय शेवाळावरून सरकला, तिने कठड्याची साखळी धरली आणि ती गोजरा, गोजरा म्हणून ओरडायला लागली. तिला स्वतःचा आवाज ओळखू येत नव्हता. इंद्रजित मागून तिला वर ओढत होता. पाण्यात काही दिसत नव्हतं, नुसतं पाणी.

“सुचे, वर ये. बुडशील.”

आवाज मागून, जाळ्यांच्या खोपटातून आला. दारात पुतळाबाई उभी होती, लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं. तिच्या मागे जाळ्यांच्या ढिगावर, तिची जुनी चादर अंगाभोवती गुंडाळून, गोजरा बसली होती. हातात अर्धी भाकर होती. केस ओले होते.

सुचिता वर कशी आली तिला आठवत नाही. पुतळाबाई तिला सांगत होती, रागाने आणि धापा टाकत, की ही पोर पार खाली बसलेली, पायऱ्या मोजत. पाणी चढेल तशी एकेक पायरी वर सरकत होती आणि वहीत लिहीत होती. मग पाय घसरला आणि चिखलात गेली. होरीवरून, आपल्या होडीवरून, पुतळाला दिसली म्हणून बरं.

“पानी छातीला आयला तरी वही वर धरून व्हती,” पुतळाबाई म्हणाली. “कोनाची पोर ही? हिच्या मास्तरनीला काय अक्कल नाय?”

 सुचिताने गोजराला जवळ घेतलं, तिचे हात, पाय, डोकं चाचपून बघितलं. पोरगी थंडीने कापत होती, पण घाबरलेली नव्हती. बाईंनी सांगितलेली गोष्ट करायला आली होती, तिला कशाची भीती? तिने वही उघडून दाखवली. पायऱ्या आणि वेळा, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. अकरा पाचला एक, अकरा बाराला दोन. पाचपर्यंत.

“खरंच चढतं, बाई,” ती म्हणाली. मग सुचिताच्या भिजलेल्या साडीकडे बघून तिने विचारलं, “तास संपला का? आता येऊ वर्गात?”

सुचिता तिथेच, जाळ्यांत तोंड घालून रडली. पुतळाबाईला तेव्हा कळलं की मास्तरीण कोण.  मग तिने आपल्या पदराने सुनेचे पाय पुसले आणि एक शब्द बोलली नाही. ज्या न बोलण्याला सुचिता भीत होती ते हे नव्हतं, पण सोसायला हे जड गेलं.

संध्याकाळी ती गोजराच्या घरी गेली. सोबत कोणी नको म्हणाली.  तिला वाटत होतं, गोजराची आई अंगावर धावून येईल, शेजारपाजार गोळा करेल, शाळेत तक्रार करेल, आणि हे सगळं व्हायलाच हवं होतं. तिने दारातच उभं राहून सगळं सांगितलं, लायब्ररी, परीक्षा, बादलीचा प्रश्न, काही लपवलं नाही. गोजराची आई नुकतीच कामावरून आली होती, हातांना अजून सिमेंट होतं. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि मग हात जोडले.

“चुकी पोरीचीच हाय, बाई. लई प्रश्न इचारती. आमालाबी वैताग देती. तुमी भायेर बसवली ते बरंच केलं. तुमी बाई हाय, तुमी म्हनाल तसं.”

आणि तिने स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं.

सुचिताला शिव्या हव्या होत्या. मारलं असतं तरी चाललं असतं. चहा नको म्हणायची तिची लायकी नव्हती, म्हणून ती तो घोट घोट पीत राहिली. आतल्या कोपऱ्यात गोजरा झोपली होती, तिला ताप भरला होता. परत येताना सुचिताला जे वाटलं ती साधी लाज नव्हती, ती भीती होती. वर्गात चाळीस मुलं बसतात आणि बाई सांगतील ते खरं मानतात. जा म्हटलं तर जातात. येऊ नको म्हटलं तर पाणी छातीला आलं तरी येत नाहीत. आणि त्यांच्या आया वर हात जोडतात. इतकी वर्षं ती मुलांच्या प्रश्नांना भ्याली, आपल्या शब्दांना एकदाही भ्याली नव्हती.

परीक्षेचा निकाल सांगायला नकोच, पाठ अपूर्ण म्हणून नापास. शाळेने कॉलेजला पत्र पाठवलं, कॉलेजने तिला बोलावून खडसावलं, ते तिने ऐकून घेतलं. इंद्रजितने कोणी न विचारता लेखी दिलं की ती कल्पना त्याची होती. घरी रूपेश म्हणाला, पुरे आता. तीही तेच म्हणाली असती. पण पुतळाबाईने तापातून उठलेल्या गोजराला दोनदा मासळी पाठवली आणि तिसऱ्यांदा सुचितालाच नेऊन द्यायला सांगितली. सुचिता डबा घेऊन गेली, तर दारातच गोजराने विचारलं की बादलीचं काय झालं, बाई? सुचिता त्या रात्री पुस्तकं घेऊन बसली.

ऑक्टोबरमध्ये तिने पुन्हा पाठ दिला. शाळा तीच, पाठ तोच, मुलं आता आठवीत. वर्ग तयार केलेला नव्हता. टाचणात उजवीकडचा रकाना नियम म्हणून भरला होता, पण पेन्सिलीने. तिने शिकवायला सुरुवात करण्याआधी मुलं मोजली, एकेकावर बोट ठेवत. मागे बसलेल्या परीक्षकांना ते विचित्र वाटलं असणार. एक्केचाळीस होती. पटावरही एक्केचाळीस.

सातव्या मिनिटाला, ती चंद्राचा चेंडू हातात धरून बोलत असताना, पहिल्या बाकावरून हात वर आला. परीक्षकांचं पेन थांबलं. सुचिताचे कान गरम झाले आणि हातातला चेंडू निसटता निसटता राहिला. बादलीबद्दल तिने बरंच वाचलं होतं, पण ही पोरगी बादलीचंच विचारेल याची काय खात्री?

“हं, गोजरा,” ती म्हणाली. “विचार.”